लॅपटॉपची एसएसडी बदलायचीय? आधी डेटा सांभाळा, मग स्क्रू उघडा



नवा फोन घेतला की आपण काय करतो? जुना फोन शेजारी ठेवतो, क्यूआर कोड स्कॅन करतो आणि थोड्या वेळात फोटो, कॉन्टॅक्ट, अ‍ॅप सगळं नव्या फोनमध्ये हजर. लॅपटॉपचंही असंच असेल असं आपल्याला वाटतं. पण लॅपटॉपची एसएसडी बदलली की नवी ड्राइव्ह पूर्ण कोरी असते. तिच्यावर विंडोज नसतं, फोटो नसतात, काहीच नसतं. ते सगळं आपल्यालाच तिकडे न्यावं लागतं.

आणि आपल्याकडे घरात बऱ्याचदा लॅपटॉप एकच असतो. सांगलीतल्या एखाद्या घराचा विचार करा. ताईचा वालचंद कॉलेजचा प्रोजेक्ट, बाबांचा हळद-बेदाण्याच्या व्यापाराचा टॅलीतला हिशेब, दादाच्या लग्नाचे फोटो, हे सगळं त्याच २५६ जीबीत कोंबलेलं. एसएसडी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्या अर्ध्या तासात चुकीचं बटण दाबलं गेलं, तर काही वर्षांचं काम जाऊ शकतं.

म्हणून या लेखात आपण स्क्रू कसे उघडायचे ते पाहूच, पण त्याआधी डेटा कसा वाचवायचा ते पाहू. सगळ्या लेखाचा नियम एकच आहे: नवी ड्राइव्ह आठ दिवस नीट चालेपर्यंत जुनी ड्राइव्ह पुसायची नाही.

एक सूचना आधीच. काम चालू असताना लॅपटॉप बंद असेल, म्हणून हा लेख फोनवर उघडा ठेवा. आज फोन हा आपला टॉर्च, कॅमेरा आणि गरज पडली तर इंटरनेटही आहे.

एसएसडी बदलायची खरंच गरज आहे का?

आधी लॅपटॉपमध्ये काय आहे ते बघा. टास्कबारवर राइट क्लिक करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसेल.

• एचडीडी दिसली तर बदल कराच. जुन्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी असतो, साध्या साटा एसएसडीचा ५५० एमबीपर्यंत जातो. विंडोज सुरू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात.
• एसएसडी आहे पण सी ड्राइव्ह लाल झालीय, तर मोठी एसएसडी घेणं योग्य. पण आधी डाउनलोड्स फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामा करून बघा. कधी कधी ४०-५० जीबी तिथेच सापडतात.
• रॅम ४ जीबीच असेल तर नुसत्या एसएसडीने सगळा त्रास जाणार नाही. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील आणि आत एचडीडी असेल, तर आधी एसएसडी. आत एसएसडी असेलच, तर आधी रॅम.

अजून एक महत्त्वाचं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवी एसएसडी टाकली म्हणून जुना लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र होत नाही. त्यासाठी टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्या यादीत आहेत. लॅपटॉप त्याहून जुना असेल तर एसएसडी घेण्याआधी हा विचार करा. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम टाकूनही तो काही वर्षं वापरता येतो.

कोणती एसएसडी बसेल?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या दोन एसएसडी आतून वेगळ्या असू शकतात.

१) अडीच इंची साटा: पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी डबी. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते.

२) एम.२ साटा: च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट. वेग मात्र साटाचाच, म्हणजे ५५० एमबीपर्यंत.

३) एम.२ एनव्हीएमई: दिसायला तशीच पट्टी, पण वेग खूप जास्त. थर्ड जनरेशनमध्ये सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत आणि फोर्थ जनरेशनमध्ये ७००० एमबीच्या आसपास.

एम.२ साटाच्या पट्टीला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण नुसत्या खाचेवर विश्वास ठेवू नका. काही लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये फक्त साटा चालते, तिथे एनव्हीएमई टाकली तर ती दिसणारच नाही. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर, म्हणजे मागच्या स्टिकरवरचा, कंपनीच्या वेबसाइटवर टाका आणि स्टोरेजची माहिती वाचा.

लांबीही बघायची. पट्टीवर २२८०, २२४२ किंवा २२३० असा आकडा असतो. पहिले दोन अंक रुंदीचे, २२ मिलिमीटर. पुढचे दोन लांबीचे, म्हणजे ८०, ४२ किंवा ३० मिलिमीटर. २२४२ ची जागा असेल तर २२८० बसणार नाही.

महागडी फोर्थ जनरेशन घ्यावी का? लॅपटॉपचा स्लॉट थर्ड जनरेशनचा असेल तर ड्राइव्ह चालेल, पण थर्डच्याच वेगाने. गाडीचं इंजिन कितीही दमदार असलं, तरी खंबाटकी घाटात पुढचा ट्रक जेवढा पळेल तेवढंच आपण पळणार ना, तसंच हे. अभ्यास, कोडिंग, टॅली, सिनेमे यासाठी चांगल्या कंपनीची साधी एनव्हीएमई पुरेशी आहे.

आणि ५१२ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. त्याच हिशेबाने १ टीबी म्हणजे ९३१ जीबी दिसतात. मात्र ऑनलाइन हजार-दीड हजारात '१६ टीबी एसएसडी' दिसली तर ती नक्की बनावट आहे. अशा डबीत बऱ्याचदा साधं मेमरी कार्ड असतं. त्यावर कॉपी केलेल्या फाइल दिसतात खऱ्या, पण उघडत नाहीत.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसी स्टोरेज आहे किंवा ज्यांच्याकडे एम सिरीज चिपचं मॅकबुक आहे, त्यांच्यासाठी हा लेख इथेच संपतो. त्यांचं स्टोरेज फोनसारखं मदरबोर्डलाच सोल्डर केलेलं असतं किंवा सहज बदलता येईल असं नसतं. त्यांनी बाहेरून लावायची पोर्टेबल एसएसडी घ्यावी.

आधी बॅकअप, आणि तो घराबाहेर

आता मुद्द्याचं. बरेच जण म्हणतात, 'जुनी ड्राइव्ह आहेच की, तोच बॅकअप.' तसं नाही. क्लोन करताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर कोरी ड्राइव्ह भरलेल्या ड्राइव्हवर कॉपी होते आणि दोन्ही कोऱ्या होतात. एसएसडीमधून पुसलेला डेटा परत मिळणं हार्ड डिस्कपेक्षा खूप अवघड असतं, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून लगेच साफ करायला लागते.

म्हणून जगभर वापरला जाणारा ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा: डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

'घराबाहेर' कशाला, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आणि कराडला तिला मिळणारी कोयना, म्हणजे साताऱ्याच्या डोंगरात पडणारा पाऊस शेवटी सांगलीतूनच पुढे जातो. अशा वेळी लॅपटॉप आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर दोन कॉपी असून उपयोग शून्य. सांगलीतल्या घराची एक पोर्टेबल डिस्क साताऱ्याच्या मावशीकडे राहू शकते. मावशीच्या घरच्या फोटोंची डिस्क तुमच्याकडे. खर्च काही नाही, फक्त दिवाळीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत अदलाबदल करायची.

लहान पण मौल्यवान फाइल क्लाउडवर टाका. गुगलवर १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. वनड्राइव्हवर ५ जीबी मोफत आहेत. प्रोजेक्ट रिपोर्ट, मार्कशीट, जातीचा दाखला, टॅलीचा बॅकअप यांना एवढं पुरतं.

बॅकअप घेताना विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डर सगळेच कॉपी करतात. खाली दिलेल्या गोष्टी मात्र राहून जातात:

• डेस्कटॉप आणि डाउनलोड्स. खरं काम बऱ्याचदा इथेच पडलेलं असतं.
• टॅलीचा डेटा. तो सी ड्राइव्हमधल्या वेगळ्या फोल्डरमध्ये असू शकतो. टॅली उघडून डेटाचा पाथ बघा, टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा.
• मराठी फॉन्ट. हे खास आपल्याकडचं दुखणं. श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये नसतात. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचा अर्ज, वडिलांचे जुने लेख, सगळं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून असे फॉन्ट आणि त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं जपून ठेवा.
• ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क. क्रोममध्ये सिंक चालू आहे का ते बघा.
• कोडिंग करणाऱ्यांनी अजून गिटहबवर न टाकलेलं काम आधी टाकून घ्यावं.
• डिव्हाइसची मर्यादा असणारी सॉफ्टवेअर. त्यातून आधी साइन आउट करा किंवा लायसन्स सोडवून घ्या.
• वनड्राइव्हमधल्या ढगाचं चिन्ह असणाऱ्या फाइल. त्या लॅपटॉपवर नसतातच, फक्त नाव दिसतं. क्लाउडवर आहेत ना, ते मोबाइलवरून तपासा.

बॅकअप झाला की दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर किंवा फोनवर चार-पाच फाइल उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप हा बॅकअप धरायचा नाही.

बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली

हा भाग कृपया सोडू नका. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते. आपल्याला पत्ताही लागत नाही. नेहमीच्या वापरात त्याचा त्रास नसतो. पण तीच ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर तुमचेच फोटो तुम्हाला उघडता येत नाहीत आणि दुकानदारही काही करू शकत नाही.

काय करायचं: फोनच्या ब्राउझरमध्ये तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, डिव्हाइसच्या यादीत तुमचा लॅपटॉप शोधा आणि बिटलॉकर की बघा. ती कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप कॉलेजने किंवा ऑफिसने दिलेला असेल तर की त्यांच्याकडे असू शकते, आधी विचारा.

क्लोन करणार असाल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे जाऊन ते बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. नवी ड्राइव्ह लागली की पुन्हा चालू करा.

क्लोन की कोरं विंडोज?

डेटा नेण्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता क्लोनचा. जुन्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत नव्या ड्राइव्हवर. विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, वॉलपेपर सगळं तेच. लॅपटॉपवर टॅली, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, सेवा केंद्राचं बायोमेट्रिक मशीन असं पुन्हा बसवायला किचकट काही असेल, तर हा रस्ता बरा.

दुसरा रस्ता कोऱ्या विंडोजचा. नवी ड्राइव्ह टाकायची, पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवायचं आणि मग आपल्या फाइल कॉपी करायच्या. लॅपटॉप व्हायरसने किंवा वर्षानुवर्षांच्या कचऱ्याने हळू झाला असेल तर हाच रस्ता. क्लोन केलं तर तो कचराही नव्या घरात येतो.

जुनी ड्राइव्ह खराब व्हायला लागली असेल, म्हणजे फाइल उघडताना अडकत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तब्येत 'बॅड' दाखवत असेल, तर क्लोनच्या मागे लागू नका. क्लोन करताना सगळी ड्राइव्ह वाचली जाते आणि आजारी ड्राइव्हवर ताण येतो. आधी सगळ्यात महत्त्वाच्या फाइल काढून घ्या, बाकी नंतर.

क्लोन कसं करायचं

लॅपटॉपमध्ये स्लॉट एकच असेल तर एसएसडीचं यूएसबी एन्क्लोजर लागेल, म्हणजे नवी ड्राइव्ह ठेवायची बाहेरची डबी. घेताना साटा की एनव्हीएमई ते नीट बघा.

१) लॅपटॉपला चार्जर लावा. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. पावसाळ्यात लाइट गेली तरी काम अर्ध्यात थांबायला नको.

२) नवी एसएसडी एन्क्लोजरमध्ये घालून यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. हा पोर्ट बऱ्याचदा निळा असतो. यूएसबी २ ला १०० जीबी कॉपी व्हायला पाऊण तासाच्या वर लागतो, यूएसबी ३ ला तेच काम काही मिनिटांत होऊ शकतं.

३) क्लोनचं सॉफ्टवेअर घ्या. आधी एसएसडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर बघा, मोठ्या कंपन्या बऱ्याचदा ते मोफत देतात. क्लोनझिला हे मोफत आणि ओपन सोर्स आहे, पण त्याचा स्क्रीन जुन्या पद्धतीचा असतो आणि नवी ड्राइव्ह जुन्याएवढी किंवा मोठी असावी लागते.

४) सोर्स म्हणजे जुनी, टार्गेट म्हणजे नवी. इथे थांबा. दोन्हींचं मॉडेलचं नाव आणि जीबी वाचा. नुसतं 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' वर जाऊ नका. स्क्रीनचा फोटो काढा, शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा आणि मगच पुढे जा.

५) पूर्ण डिस्क निवडा, फक्त सी ड्राइव्ह नाही. विंडोज सुरू व्हायला लागणारं छोटं ईएफआय पार्टिशन वेगळं असतं. ते राहिलं तर लॅपटॉप सुरूच होणार नाही.

६) क्लोन झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की तो खरोखर बंद होतो.

आता स्क्रू उघडा

लागणारं सामान: बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर, जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची प्लास्टिकची पट्टी, एक कागद आणि स्टीलची वाटी.

१) चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह सगळं काढा. पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. काम लाकडी टेबलावर करा, गादीवर किंवा सतरंजीवर नाही.

२) कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रू लहान-मोठे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी घुसवला तर पुढून कीबोर्डला फुगवटा येतो. रबराच्या पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला एखादा स्क्रू असतोच.

३) कडेने प्लास्टिकचं कार्ड फिरवत झाकण सोडवा. जोर लावावा लागतोय म्हणजे एखादा स्क्रू राहिलाय.

४) झाकण निघालं की लगेच फोनवर दोन-तीन फोटो काढा.

५) पहिलं काम बॅटरीची वायर काढायची. कनेक्टरला धरून हळू सरकवा, वायरी ओढू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, झाकण लावा आणि दुकानात न्या. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही.

६) एखाद्या धातूच्या वस्तूला, उदाहरणार्थ नळाला, हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मग एसएसडीचा छोटा स्क्रू काढून वाटीत टाका. ड्राइव्ह स्वतःच एका बाजूने वर येते. ती तिरकीच बाहेर ओढा.

७) नवी पट्टीही तिरकीच, खाच जुळवून पूर्ण आत घाला, मग हळूच खाली दाबून स्क्रू लावा. जेमतेम घट्ट. थर्मल पॅड असेल तर तो जागेवर ठेवा.

८) बॅटरीची वायर, झाकण, स्क्रू. जुनी ड्राइव्ह पाकिटात घाला, त्यावर तारीख आणि 'पुसू नका' असं लिहा.

कोरं विंडोज टाकताना येणाऱ्या दोन अडचणी

क्लोनचा रस्ता धरला नसेल तर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल लागेल. हा पेन ड्राइव्ह जुनी ड्राइव्ह काढायच्या आधीच बनवून ठेवा.

पहिली अडचण: 'विंडोज कुठे टाकायचं' हे विचारताना नवी ड्राइव्ह दिसतच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे होतं. ड्राइव्ह खराब नसते, व्हीएमडी नावाच्या सोयीमुळे इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून घेऊन त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' वर क्लिक करून निवडा.

दुसरी अडचण: विंडोज चालू होतं, पण वायफाय दिसत नाही. घाबरू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट आलं की बाकीचे ड्रायव्हर अपडेटमधून येतात.

लायसन्सची काळजी नको. ते सहसा मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच एडिशन टाकली, म्हणजे होम असेल तर होम, की इंटरनेट मिळाल्यावर विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

आता जुनी ड्राइव्ह एन्क्लोजरमध्ये घालून जोडा आणि यूझर्स फोल्डरमधलं आपलं सगळं कॉपी करा. 'तुम्हाला परवानगी नाही' असं आलं तर कंटिन्यू दाबा. बिटलॉकरने की मागितली तर तो कागद काढा.

काम झालं हे कसं ओळखायचं?

• लॅपटॉप जुनी ड्राइव्ह जोडलेली नसताना सुरू होतोय.
• सी ड्राइव्ह पूर्ण आकाराची दिसतेय. क्लोननंतर जुन्याच आकाराची दिसली, तर उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीत दिसेल. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं तर जागा थेट जोडता येत नाही. अशा वेळी ते पार्टिशन घाईने उडवू नका, क्लोन पुन्हा करताना सॉफ्टवेअरमध्येच आकार वाढवा.
• सर्वात जुना फोटो, सर्वात मोठा व्हिडिओ, एक जुनी मराठी फाइल आणि टॅलीचं मागच्या वर्षाचं खातं उघडतंय.
• प्रिंटर चालतोय, डिजिटल सिग्नेचर चालतेय.
• विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्समध्ये 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसतंय. वेगळं डिफ्रॅग सॉफ्टवेअर वापरू नका.

हे सगळं झालं तरी आठ दिवस थांबा. महिनाअखेरीचा हिशेब, परीक्षेचा फॉर्म, कॉलेजचं सबमिशन अशी रोजची कामं होऊ द्या. राहिलेली फाइल अशाच कामात आठवते.

दुकानात देणार असाल तर

घरी उघडायची भीती वाटत असेल तर सातारा, कराड, सांगली, मिरज कुठेही चांगल्या दुकानात द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त बॅकअप स्वतः घेऊन जा आणि स्पष्ट बोला: 'दादा, जुनी ड्राइव्ह मला परत पाहिजे. ती फॉरमॅट करू नका. नव्या ड्राइव्हचा सिरियल नंबर बिलावर लिहा.' लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या अटी वाचा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

तुमचे काही प्रश्न

जुनी एसएसडी बॅकअप म्हणून कपाटात ठेवू का?
थोडे महिने चालेल, कायमसाठी नको. एसएसडीमध्ये डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तो पुसट होऊ शकतो. खूप वापरलेल्या ड्राइव्हला हा धोका जास्त. दीर्घकाळासाठी साधी पोर्टेबल हार्ड डिस्क स्वस्त पडते. तीसुद्धा वर्षातून एक-दोनदा जोडून तपासा.

जुनी ड्राइव्ह विकायची आहे, डिलीट केलं की झालं?
नाही. आधी बिटलॉकरने पूर्ण एन्क्रिप्ट करून मग फॉरमॅट करा, किंवा बायोसमध्ये सिक्युअर इरेज असेल तर ते वापरा. मात्र आठ दिवसांचा नियम पाळूनच.

लॅपटॉप पाण्यात भिजला तर एसएसडी काढून डेटा मिळेल?
शक्यता असते, कारण एम.२ ड्राइव्ह लॅपटॉपपासून वेगळी करता येते. भिजलेला लॅपटॉप चालू करून बघू नका. चालू केल्यावर शॉर्ट सर्किट झालं की उरलीसुरली आशाही जाते. डेटा फार महत्त्वाचा असेल तर स्वतः प्रयोग न करता डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे द्या. घराबाहेर ठेवलेली डिस्क असेल तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

नवी एसएसडी मागवली असेल तर ती येईपर्यंतचे दोन-तीन दिवस हातात आहेत. त्यात आज बॅकअप, उद्या तो तपासणं आणि परवा बिटलॉकरची की कागदावर. डबी आली की मग स्क्रू ड्रायव्हर शोधा.